कुंडी फोडू नका!

जास्वंद मोठ्या कुंडीत हलवणं हे अर्ध्या तासाचं काम. आमच्या सोसायटीत ते सकाळी काढलं, तर वरणाचा कुकर दुपारी दीडला लागतो. कारण मधे तिसऱ्या मजल्यावरचे काका येतात.

दहा इंची कुंडीत झाडाला जागा उरली नव्हती. पाणी घातलं की ते कडेकडेनं थेट खाली, कळ्या पिवळ्या पडून गळतायत, तळाच्या भोकातून मुळं बाहेर. म्हणून सिंहगड रोडवरून बाराची कुंडी आणली. लाल माती आणली, कारण पुण्याची काळी माती कुंडीत भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. शेणखत, कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड, सगळं कालवून तयार. जुनी कुंडी आडवी केली, थोपटली, कडेनं खुरपं फिरवलं. झाड जागचं हलेना. शेवटी हातोडी उचलली.

"अहो, कुंडी फोडू नका!"

काका. हात मागे बांधून, क्रिकेटच्या पंचासारखे. मागच्या हातात रोजची प्लॅस्टिकची पिशवी. ह्या पिशवीबद्दल सांगायलाच हवं. जास्वंदाचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. माझ्या झाडाचं मात्र मी चहा टाकेपर्यंत काकांच्या गणपतीच्या डोक्यावर गेलेलं असतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवाच्या फुलाला मालक नसतो." पाण्याला, खताला आणि पिठ्या ढेकूण पुसून काढायला बरा असतो.

"काका, निघतच नाहीये."

"निघेल. पाणी सोडा. थांबा. घाई कसली? आणि हे मृगात करायचं असतं. आता आर्द्रा लागलं."

"तुम्ही केलंयत कधी?"

"कृषी खात्यात उभी नोकरी काढली."

"कुठल्या विभागात?"

"पगारपत्रक."

मी पाणी सोडलं. थांबले. दर जानेवारीला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात कोणती झाडं चुकीच्या कुंडीत लावलेली असतात, त्याची यादी ऐकली. मग झाड निघालं, तेही मी बुंधा धरून ओढल्यावर. काकांनी कुंडी धरली नव्हती. ते कुंडीकडे लक्ष ठेवून होते.

मुळांनी आतून कुंडीचाच आकार घेतला होता, गोल गोल वेटोळी. ती मोकळी केली नाहीत तर नव्या मातीतही तशीच फिरत राहतात, म्हणून बाहेरची थोडी कापली.

"मुळं कापलीत? मेलं."

"मरत नाही, काका."

"तळाला विटांचे तुकडे घाला. चांगले चार बोटं."

आता हे मला सहन होत नाही. बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सोडतच नाही. म्हणजे विटांच्या थरानं निचरा सुधारत नाही, ओल फक्त मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी पुरते, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. हे सगळं मी समजावलं. काका म्हणाले, "आमच्या वेळी विटाच घालायचे."

एवढ्यात वॉचमन आला. पार्किंगमध्ये माती सांडल्याची तक्रार आली होती. त्याच पार्किंगमध्ये रोज पाइप लावून गाड्या धुतात, बदाबदा पाणी वाहतं, त्याची तक्रार कुणी करत नाही. आणि खरं तर इथे बाग होती. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये कारंजं होतं, बाकावर हसणारं कुटुंब होतं. आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आखलेले पट्टे. एवढ्या मोठ्या सोसायटीत जमिनीत रुजलेलं एकही झाड नाही, पण पसाभर माती फरशीवर पडली की वॉचमन येतो! वॉचमनला काय बोलणार? त्यानंच बिचाऱ्यानं झाडू आणून दिला. काका जरा बाजूला सरकले, म्हणजे त्यांच्या पायाखालचंही मला झाडता आलं.

झाड पूर्वीच्याच खोलीवर बसवलं, वर पाण्यासाठी इंचभर कड सोडली. लांबलेल्या फांद्या छाटल्या.

"आता फुलं कधी?" काकांनी पहिल्यांदाच काळजीनं विचारलं.

"महिनाभर तरी नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. अंगारकीला विकतची घ्यावी लागणार होती. मग ते वाकले. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदा! छाटलेल्यातल्या चांगल्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्या निवडून पिशवीत घातल्या. पावसाळ्यात जास्वंदाची फांदी सहज लागते, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ही जुनी कुंडी तुम्हाला लागणार नाही ना?"

"नाही."

"मग उरलेली मातीही त्यातच भरा." मी भरली. "आणि जरा वर आणून देता का? माझी कंबर धरलीय."

"लिफ्टनं न्या की."

"लिफ्टमधून कुंड्या न्यायला बंदी आहे," काका म्हणाले. "ती नोटीस मीच लावलीय."