सिगारेट एकदम सोडली तर अटॅक येतो? खुलासा

‘सिगारेटची जुनी सवय एकदम सोडू नका, अटॅक येतो, आधी खर्र्यावर (घोटलेल्या सुपारी-तंबाखूवर) या’ असा मेसेज नागपुरात फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. शेवटच्या झुरक्यानंतर २० मिनिटांतच नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो.

मात्र सुरुवातीला खोकला वाढू शकतो, आणि माणूस तिथंच घाबरतो. धुरानं लुळे पडलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात, साचलेला कफ वर ढकलतात. ही सुधारणा आहे. चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग दोन-चार आठवड्यांत ओसरते.

खर्रा तर नकोच. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका.

उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर तलफ आवरायला ४ मिलिग्रॅमचं निकोटिन गम (निकोटिन असलेलं च्युइंगगम) घ्या, एरवी २ चं. सलग चघळू नका, इथंच बहुतेकांचं चुकतं. झिणझिण्या आल्या की गालात दाबा, ओसरल्या की पुन्हा चावा. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयरोग असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोफत मदत : १८००-११२-३५६.