तीन कप उकळतं, एक कप माठातलं

ज्या जिल्ह्यात हंगामभर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगवावी लागते, तिथं बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे जवळजवळ फितुरीच. त्यात तो बिनदुधाचा, आणि वर न उकळलेला! सांगलीत ग्रीन टी प्यायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते, पाण्याची नंतर.

आमच्या चहाच्या दुकानात ममरी, डस्ट आणि फॅमिली मिक्स्चर एवढंच जग. ग्रीन टी म्हटल्यावर दुकानदारांनी आधी माझ्या पोटाकडं बघितलं.

"वजनासाठी व्हय?"

"नाही ओ, चवीसाठी."

हे उत्तर त्यांना नवीन असावं. मग मीही पेटलो. झाड तेच, तुमच्या ममरीचं. फक्त पान तोडल्यावर लवकर गरम करायचं, म्हणजे ते काळं पडत नाही. चीनमध्ये बहुतेक कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात.

"म्हणजे अळूवडीवानी," ते म्हणाले, आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

त्यांनी काढून दिलं ते पिशव्यांचं खोकं : लिंबू, मध, तुळस, आलं. सगळं होतं, चहा कुठं दिसेना. शिवाय पिशवीत बहुधा चुरा भरलेला असतो. तो पाण्यात पडल्या पडल्या कडू व्हायला लागतो. मला सुटं, अख्खं पान हवं होतं. शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरनं हिमाचलातल्या कांगड्याचं एक पाकीट निघालं. पॅकिंगची तारीख बघून घेतली, कारण हा चहा मुरत नाही, शिळा होतो. ताज्या पानाला हिरव्या गवताचा वास येतो. घरी आणल्यावर तो टिकवणं हे वेगळंच काम. आमच्या फडताळात हळद आणि कांदा-लसूण चटणी शेजारी शेजारी नांदतात आणि चहा शेजाऱ्यांचे वास पटकन उचलतो. म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो पुस्तकांच्या कपाटात.

खरा प्रश्न पाण्याचा. ग्रीन टीला पाणी साधारण 80 अंशांचं लागतं. त्याहून फार कढत झालं की पानातला तुरटपणा सगळा बाहेर येतो. जपानच्या ग्योकुरो नावाच्या नाजूक चहाला तर 50-60 अंश पुरे म्हणे. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलं की वाटतं, थोडक्यात हुकतंय!

घरात तापमापक एकच, तापाचा. तो 42 च्या पुढं जात नाही, आणि आई तो चहात बुडवू देणार नाही. तेव्हा हिशेब केला : तीन कप उकळतं पाणी, त्यात एक कप माठातलं. बेरीज करून चारानं भागलं की 80 च्या आसपास येतं. शाळेतली सरासरी एवढ्या उपयोगाला कधी आली नव्हती. कपाला चमचाभर पान, दोन मिनिटं, की गाळायचं.

पण हे आईच्या देखत करायचं असतं. आयुष्यभर चहाला तीन उकळ्या दिलेली बाई ती. मी गॅस बंद केला की विचारते, "सिलिंडर संपला?" उकळत्या पाण्यात माठाचं ओतलं की डोळे मिटून घेते. कपातला फिकट पिवळा रंग बघून एकदा म्हणाली, "अरे, हा तर गाळणं धुतल्यावर पडतो."

पाहुण्यांपुढं तर प्रयोगच नको. शेजारचे काका एक घोट घेऊन बराच वेळ गप्प बसले. मग हळूच आत वाकून, "वहिनी, घरात कुणाला बरं नाही का?" बायकोनं मुकाट्यानं आलं किसायला घेतलं.

चांगल्या पानाचा दुसरा कप पहिल्यापेक्षा गोडसर लागतो, माझ्या जिभेला तरी. म्हणून गाळलेली पानं वाटीत झाकून ठेवतो. परवा दुपारी वाटी रिकामी, आणि स्वयंपाकघरातनं आल्या-वेलदोड्याचा घमघमाट. आईनं सगळी पानं पातेल्यात ढकलली होती. वर दोन चमचे ममरी, म्हशीचं दूध, मूठभर साखर, आणि चांगली दहा मिनिटं खळाखळा उकळी.

बशीत ओतून एक फुरका मारला आणि म्हणाली, "बरा आहे की रे तुझा ग्रीन टी. उगं कच्चा पीत होतास."