विसरणाऱ्याला माफी, आणि आठवणारीला?

‘विंटर सोनाटा’ एकदाची पाहून झाली. कोरियाच्या केबीएस वाहिनीवर २००२ साली आलेली, वीस भागांची मालिका. भाची कधीची मागे लागली होती, "मावशी, बघच, रडशील." रडले. पण ती रडली तिथे नाही, भलतीकडेच. त्यावरून आमची दोघींची चांगलीच जुंपली, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढते. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चुंचॉन गावात शिकणारी यूजिन आणि तिच्या वर्गात नव्याने आलेला जुनसांग. वर्षाच्या शेवटच्या रात्री भेटायचं ठरतं, तो तिच्याकडे यायला निघतो आणि त्याला अपघात होतो. तो गेला, असंच सगळे धरून चालतात. दहा वर्षांनी, यूजिनच्या साखरपुड्याच्या दिवशी, रस्त्यात तिला तोच चेहरा दिसतो. साखरपुडा टाकून ती त्याच्यामागे धावते. हा मिनह्योंग, अमेरिकेहून आलेला आर्किटेक्ट, तिला ओळखत नाही. पुढे कळतं की तो जुनसांगच आहे. अपघातात स्मृती गेली आणि त्याच्या आईने डॉक्टरकरवी त्याच्यात दुसरंच बालपण भरून घेतलं.

मालिका देखणी आहे. नामी बेटावरची ती उंच झाडांची बर्फातली वाट पाहून कुणालाही प्रेमात पडावंसं वाटेल. जपानमध्ये एनएचकेने ती दाखवली तेव्हा तिथल्या मध्यमवयीन बायकांनी नायकाला, बे योंग-जूनला, ‘योन-सामा’ म्हणत डोक्यावर घेतलं होतं. मला त्यांचं पूर्ण पटतं.

डॉक्टर मंडळी म्हणतील, असं कुठे होतं का? डोक्याला मार लागल्यावर बहुतेक वेळा अपघाताच्या आधीचे-नंतरचे तास किंवा दिवस आठवणीतून जातात, नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. स्वतःचं नावगाव विसरून माणूस दुसऱ्या नावाने टुणटुणीत जगतोय आणि दुसऱ्या अपघातात सगळं परत आलं, हे टीव्हीतच. माझी त्याला हरकत नाही. ‘शाकुंतला’त दुर्वासाच्या शापाने राजा बायकोला विसरतो ते चालतं, तर ट्रकची धडकही चालेल.

माझी हरकत दुसरी आहे. जुनसांगला सगळं आठवायला लागलं की मालिका त्याची होऊन जाते. त्याची आई, त्याचा बाप कोण हा प्रश्न, त्याच्या मेंदूतला आजार. प्रत्येक गोष्टीला भागच्या भाग दिलेत. आणि यूजिनची दहा वर्षं? ती पडद्यावर ‘दहा वर्षांनंतर’ एवढ्यात संपतात. त्या दहा वर्षांत त्या मुलीने काय केलं असेल? गेलेल्या मुलाची आठवण एकटीने वागवली, कारण बाकी सगळ्यांना वाटत होतं की आता तिने विसरावं. ज्याच्याशी लग्न ठरलं तो सांगह्योक लहानपणापासूनचा मित्र, वाईट माणूस नाही. पण तिने नकार दिल्यावर तोही अन्नपाणी सोडून दवाखान्यात पडतो आणि ही बिचारी परत जाते. तिच्या आठवणीला सगळीकडून खोड म्हणूनच वागवलं जातं. मी रडले ती इथे.

भाची म्हणाली, "मावशी, पण त्याचा काय दोष? त्याला आठवतच नव्हतं!"

अगदी बरोबर. आणि म्हणूनच मला रामटेक आठवलं.

रामटेक आपल्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. गडावर कालिदासाचं स्मारक आहे. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं, आणि आपण नागपूरकर तेव्हापासून कालिदासाला घरचाच समजतो. शापामुळे बायकोपासून दूर, ढगाकरवी तिला निरोप धाडणाऱ्या ‘मेघदूता’तल्या त्या यक्षाला काहीही विसरता आलेलं नाही. घरच्या विहिरीच्या पाचूच्या पायऱ्या, बायकोने पोटच्या पोरासारखा वाढवलेला मंदाराचा रोप, तिच्या बांगड्यांच्या तालावर नाचणारा मोर, सगळं तो ढगाला खुणेसकट सांगतो. आठवणारा माणूस कसा असतो हे ज्याला इतकं नेमकं ठाऊक, त्यानेच ‘शाकुंतला’त विसरणारा दुष्यंत लिहिला.

महाभारतात दुष्यंत विसरतच नाही. शकुंतला पोराला घेऊन दरबारात उभी राहते, राजाला सगळं आठवत असतं, तरी तो आठवत नाही म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो, लोक काय म्हणतील म्हणून नाकारलं. तिथली शकुंतला भर दरबारात त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने शाप आणला, अंगठी आणली, ती गिळणारा मासा आणला, आणि राजा निर्दोष झाला. तरी पाचव्या अंकात तिची तळमळ त्याने लपवलेली नाही. अंगठी हरवली म्हटल्यावर ती आठवण करून देते, आठवतं का, कमळाच्या पानात पाणी होतं, हरणाचं पाडस तुमच्या हातून पीत नव्हतं, माझ्या हातून प्यायलं, आणि तुम्ही हसून म्हणालात, तुम्ही दोघं रानातलीच. इतकी बारीक, इतकी खाजगी गोष्ट भरल्या सभेत सांगावी लागते तिला. राजा त्यावर म्हणतो, बायका जात्याच लबाड.

आणि मग सहावा अंक अख्खा राजाचा. अंगठी सापडते, त्याला आठवतं, तो तिचं चित्र काढून झुरतो. शकुंतला त्या अंकात रंगमंचावर येतच नाही. मारीचाच्या आश्रमात ती एकटी आई होते, पोर वाढवते, आणि आपल्याला ती दिसते थेट सातव्यात, त्याला क्षमा करायला. कोरियन मालिकेत यूजिनचं जे झालं तेच हे. विसरणाऱ्याच्या पश्चात्तापाला अंकभर जागा, आणि आठवणारीची वर्षं पडद्यामागे.

मला हे एवढं का लागतं, तेही सांगते. आमचे मोठे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ साली टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीत. आता तिथे मॉल आहे. पण मोठे बाबा पहाटे उठून डबा मागतात, भोंगा झाला म्हणतात. त्यांना विस्मरणाचा आजार आहे; त्यात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बराच काळ टिकून राहतं. त्यांना तरुणपणची बायको आठवते, समोरची म्हातारी मोठी आई ओळखू येत नाही.

"ओ बाई, माही बायको कुठं गेली?"

"भाजी आणाले गेली. येऊनच राहिली. तवर तुमी दोन घास खाऊन घ्या."

"थे आल्यावर जेवतो."

मग मोठी आई उठते. मागच्या दाराने बाहेर जाते, कापडी पिशवी हातात घेऊन पुढच्या दाराने आत येते आणि म्हणते, "आली न मी, चला जेवाले." कधी ते खूश होऊन ताटावर बसतात. कधी विचारतात, "तुमी कोण?" तेव्हा ती पुन्हा मागच्या दाराने जाते.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, भाऊजींची तब्येत कशी आहे. बिचाऱ्यांना काहीच आठवत नाही म्हणून हळहळतो. पन्नास वर्षांचा संसार आता एकट्या मोठ्या आईलाच आठवतो, त्यावर "हो ना, असंच होतं तेव्हा" म्हणणारं कुणी उरलं नाही, हे तिला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मोठ्या बाबांचा यात काडीचा दोष नाही. दोष नाही म्हणूनच तर तिला रागावताही येत नाही, आणि रागावली तर आपणच तिला गप्प करू.

भाची शेवटी वैतागली. "मग तुला शेवट कसा पाहिजे होता?"

शेवट असू द्या आहे तसा. त्याची दृष्टी गेलेली, आणि तिच्या कल्पनेतलं घर त्याने खरंच बांधलेलं. मला त्याच्या आधी एक भाग हवा आहे. त्याला सगळं आठवल्यावर त्याने आपलं काही सांगू नये. तिला विचारावं, त्या रात्रीनंतर तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी शाळेत गेलीस का? माझं नाव कुणी काढलं की काय करायचीस? आणि ती सांगेल तेवढा वेळ ऐकावं. तिला मध्येच राग आला तर येऊ द्यावा. मागे पियानो नको, बर्फ नको.

भाची म्हणाली, असा भाग कुणी पाहणार नाही.

मी पाहीन. मोठी आईपण पाहील, मोठे बाबा झोपले की रात्री दहानंतर तिला वेळ असतो.