लोकाग्रहास्तव निवृत्ती

मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉकचा, बँड काढायला गॅरेज, तीन मित्र आणि बहिरे शेजारी एवढे पुरते. तो बंद करायला मात्र अक्कल लागते. तुमच्या बँडला वीसेक वर्षे झाली असतील, केस विरळ होऊनही पोस्टरवर नाव मोठ्या टायपात येत असेल, तर आता वारशाचा विचार करायला हवा. आपण गेल्यावर लोक काय बोलतील ते ऐकायला आपण हजर असावे, असे कोणाला वाटत नाही? म्हणून निवृत्ती लवकर घ्यावी. परत यायला हातात भरपूर वर्षे राहतील इतकी लवकर.

मुहूर्त ऑझी ऑझ्बर्नकडून, म्हणजे ब्लॅक सॅबथ या बँडच्या मूळ गायकाकडून शिकावा. 1992 मध्ये, वयाच्या 43व्या वर्षी त्याने निरोपाचा दौरा काढला. डॉक्टरांनी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे सांगितले होते. ते निदान पुढे चुकीचे निघाले. दौऱ्याचे नाव होते ‘नो मोअर टूर्स’. डॉक्टर चुकले म्हटल्यावर दौरा तरी बरोबर का ठरावा? 1995 मध्ये ऑझी पुन्हा रस्त्यावर, आणि या दौऱ्याचे नाव ‘रिटायरमेंट सक्स’. 2018 मध्ये परत ‘नो मोअर टूर्स’, भाग दुसरा. आपल्या नाटकांच्या जाहिरातीत ‘शेवटचे पाच प्रयोग’ झाले की पुढच्या महिन्यात ‘लोकाग्रहास्तव’ येते, तोच खेळ ऑझीने पाव शतक लावून धरला. पण त्याचा खरा शेवट बघा. 5 जुलै 2025, बर्मिंगहॅमचे व्हिला पार्क मैदान. काळ्या सिंहासनावर बसून तो गायला. ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजवत होते (याच गावात 2017 मध्ये त्यांनी ‘द एंड’ नावाचा दौरा संपवला होता, पण ते जाऊ द्या). उत्पन्न धर्मादाय कामाला दिले, आणि 17 दिवसांनी माणूस गेला. त्या निरोपाला कोणी नावे ठेवली नाहीत. तरी ही पद्धत सुचवता येत नाही, कारण तिच्यात पुनरागमनाची सोय नाही.

मुहूर्तानंतर कागदपत्रे. तोंडी निवृत्तीवर आता कुत्रेही भुंकत नाही. राजीनामा खिशात घेऊन हिंडणारे आपण आयुष्यभर पाहिले आहेत. मॉट्ली क्रू या लॉस एंजेलिसच्या मंडळींनी जानेवारी 2014 मध्ये पत्रकार परिषद बोलावली, शेजारी वकील बसवला आणि 2015 नंतर या नावाने दौरा करायचा नाही अशा करारावर सह्या ठोकल्या. शेवटचा कार्यक्रम 31 डिसेंबर 2015 ला घरच्याच गावात झाला. ड्रमर टॉमी ली प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणाऱ्या रोलर कोस्टरवर बसून ड्रम वाजवायचा. नेमके त्या रात्री ते यंत्र वाटेतच अडकले. थांबण्याचा याहून स्पष्ट कौल कोणत्या देवाने द्यायचा? मग 2019 मध्ये त्यांच्यावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, नवी पोरे त्यांची गाणी ऐकू लागली, आणि नोव्हेंबरमध्ये बँडने तो करार स्फोटात उडवल्याचा व्हिडिओ काढला. तेव्हा करार करताना कागद जरा जाडसर घ्यावा, उडताना कॅमेऱ्यात छान दिसतो. या बँडचा गिटारिस्ट मिक मार्स 2022 मध्ये मणक्याच्या जुन्या आजारामुळे खरोखरच दौऱ्यांतून बाजूला झाला. त्याचे आणि बँडचे भांडण पुढल्या वर्षी कोर्टात पोहोचले. चौघांत जो एकटा मनापासून निवृत्त झाला, त्याच्याच नशिबी वकिलाच्या पायऱ्या आल्या. ध्यानात असू द्या.

पैशाची चिंता असेल तर ‘किस’ या अमेरिकी बँडकडे बघा. 2000 मध्ये एक निरोपाचा दौरा, 2019 पासून दुसरा, आणि 2 डिसेंबर 2023 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो संपतो न संपतो तोच पडद्यावर स्वतःचे डिजिटल अवतार हजर. अवताराचे गुडघे दुखत नाहीत, मेकअप ओघळत नाही, मानधनावरून तो रुसतही नाही. पुढच्या वर्षी गाणी आणि नाव विकून तीस कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळाल्याच्या बातम्या आल्या. जर्मनीच्या स्कॉर्पियन्स या बँडने 2010 मध्ये निरोप जाहीर केला आणि 2022 मध्ये नवा अल्बम दिला. त्यांच्याबद्दल याहून जास्त सांगायला नको. काही लोक दारापर्यंत येतात आणि चपला घालता घालता पुन्हा गप्पांना बसतात.

आता मुख्य धडा, स्लेयर हा अमेरिकी मेटल बँड. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी शेवटच्या दौऱ्याची घोषणा केली आणि तो दीड वर्षाहून जास्त चालवला. मेटलमध्ये निवृत्तीचा खरा प्रश्न मानेचा असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. टेनिसवाल्याचा खांदा जातो, इथे मान जाते. त्यांचा गायक टॉम अराया बास गिटार वाजवत गायचा आणि केसांचा पंखा करून डोके घुमवायचा. 2010 मध्ये त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि ते घुमवणे कायमचे बंद झाले. 2013 मध्ये गिटारिस्ट जेफ हॅनेमन गेला, म्हणजे अर्ध्याहून जास्त चांगले रिफ, गिटारचे फिरून फिरून येणारे तुकडे, लिहिणारा हात गेला (असे आमचे मत, दुसरा गिटारिस्ट केरी किंग याच्या चाहत्यांनी भांडायला यावे). असा बँड 30 नोव्हेंबर 2019 ला लॉस एंजेलिसजवळ इंगलवूडला शेवटचा वाजवतो, तेव्हा कोणालाही वाटेल की बरोबर वेळी थांबले. केरी किंगने कमरेच्या साखळ्या काढून रंगमंचावर टाकल्या. अराया मात्र गर्दीकडे बघत बराच वेळ नुसता उभा राहिला. आयुष्यभर सैतान, युद्ध आणि खुनी यांच्यावर किंचाळलेला माणूस, आणि निरोपाला चार शब्द बोलताना त्याची पंचाईत झाली. आमच्या ओळखीतले बरेच दगडी चेहरे तो व्हिडिओ बघून पाघळले.

त्या दिवशी वारसा पूर्ण झाला होता. फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगा. आणि तुम्हाला इथेच सावध करायचे आहे, कारण पूर्ण झालेल्या वारशावर काही उगवत नाही. केरी किंग पुढे मुलाखतींतून सांगत राहिला की आम्ही फार लवकर थांबलो, अंगात अजून दम होता. त्याचे म्हणणे खोटे नाही. शेवटच्या दौऱ्यात ते खरेच जोरात वाजवत होते. त्याच्या बायकोने मात्र 2020 मध्ये जाहीर सांगितले होते की पुन्हा एकत्र येण्याची सुतराम शक्यता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ती शक्यता निघाली. त्याच महिन्यात केरीच्या स्वतंत्र अल्बमचीही घोषणा झाली होती. बिचाऱ्याने चार वर्षे खपून उभ्या केलेल्या नव्या बँडवर जुन्या बँडनेच बोळा फिरवला. स्लेयर सप्टेंबरमध्ये शिकागोला रंगमंचावर आले, 2025 मध्ये कार्डिफ, लंडन आणि ऑझीच्या त्या निरोपालाही वाजवून गेले. नवा अल्बम नाही, लांब दौराही नाही, वर्षाकाठी मोजके कार्यक्रम. तुम्हीही हाच साचा वापरा. याला पुनरागमन म्हणता येत नाही आणि निवृत्ती तर नाहीच नाही, त्यामुळे दोन्हीबद्दल तुम्हाला कोणी जाब विचारू शकत नाही.

काही वाईट उदाहरणांपासून मुलांना लांब ठेवा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा बोल्ट थ्रोअर हा डेथ मेटल (मेटलचा आणखी भेसूर प्रकार) बँड सगळ्यात घातक. 1986 मध्ये सुरू झाला. मनासारखा अल्बम जमला की थांबायचे, असे या लोकांनी आधीच ठरवून ठेवले होते. 2005 मध्ये तो जमला. पुढच्या अल्बमची गाणी रचायला घेतली, ती आधीच्यापेक्षा सरस होत नाहीत असे स्वतःच ठरवले आणि काम बाजूला ठेवले. कंपनीने ढकलले नाही, समीक्षकांनी हाणले नाही, आपणहून! 2015 मध्ये त्यांचा ड्रमर मार्टिन कर्न्स वारला. बरोबर वर्षाने, 14 सप्टेंबर 2016 ला, बँड संपल्याचे त्यांनी सांगितले, आणि मग तो खरोखर संपला. निरोपाचा दौरा, खास आवृत्तीचा बॉक्स सेट, कराराचा स्फोट, काही म्हणजे काही नाही. आज त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा मेटलवाला शोधून सापडत नाही. पण आदराने घराचा हप्ता फिटत नाही, आणि असे दोन-चार बँड निघाले तर महोत्सववाल्यांनी पोस्टरवर छापायचे कोणाला?

लवकर थांबल्याने नको तो अल्बम निघतच नाही, हाही एक तोटा. सेल्टिक फ्रॉस्ट या स्विस मेटल बँडने 1988 मध्ये ‘कोल्ड लेक’ काढला. केस फुगवलेले, रॉक गुळगुळीत झालेला, आणि पुढे खुद्द बँडचा गायक टॉम वॉरियर याने तो नाकारला. पण विचार करा, तो नसता तर आधीच्या तीन-चार वर्षांतले त्यांचे काम इतके उजळून दिसले असते का? नॉर्वेच्या एम्पररने चौथ्या अल्बमवर 2001 मध्ये दुकान बंद केले, 2005 पासून कार्यक्रमांना उघडले, पाचवा अल्बम अजून काढलेला नाही. चाहते त्यांना शिव्या कशावरून घालणार? वारसा राखायचा असेल तर लोकांना तक्रारीला जागा ठेवावी लागते.

शेवटची सूचना, दौऱ्याचा नकाशा आखताना एखादा मोठा देश मुद्दाम वगळा. स्लेयर ऑक्टोबर 2012 मध्ये बेंगळुरूला वाजवून गेले होते. मुंबई-पुण्याची पोरे रात्रभर बसने जाऊन, मान आखडून घेऊन परतली. पण निरोपाच्या त्या लांबलचक दौऱ्यात भारताची तारीखच नव्हती. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या आपल्यापुरते स्लेयर अजून निवृत्त झालेलेच नाहीत, आणि आमच्यातले दोघेतिघे पैसे साठवत आहेत.