मुलांना लेखकापासून सांभाळा

फेब्रुवारी लागला की माझा फोन वाजायला लागतो. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि वर्षभर अडगळीत पडलेल्या आम्हा बालसाहित्यिकांना त्या दिवशी संक्रांतीच्या हलव्यासारखी मागणी येते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ही आमची दुसरी सुगी. उरलेल्या ३६३ दिवसांत नागपुरातल्या एखाद्या प्राथमिक शाळेला लेखकाची आठवण झाल्याचं मला तरी स्मरत नाही, आणि ते बरंच आहे. तेव्हा मुख्याध्यापक मंडळींनो, यंदा ‘लेखक आपल्या भेटीला’ तुमच्या गळ्यात पडलं असेल तर घाबरू नका. महालापासून हिंगण्यापर्यंत बऱ्याच शाळांची स्टेजं मी आतून पाहिली आहेत. लेखक शाळेत येऊन जावा आणि मुलांना त्याची बाधा होऊ नये, हे शास्त्र आपल्याकडे चांगलंच पुढे गेलेलं आहे.

सुरुवात पुस्तकापासून करा, म्हणजे पुस्तक लांब ठेवण्यापासून. ज्याला बोलावलंय त्याचं काहीही कोणी आधी वाचता कामा नये. मुलांच्या हाती ते पडलं तर ती लेखकाला थेट गोष्टीबद्दलच काहीतरी विचारतील आणि मग कार्यक्रमाची वेळ कोलमडेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं साफ लिहिलंय. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत त्यासाठी पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची सोयही आहे. आपण कायदा पाळणारी माणसं, म्हणून ऑफिसात गोदरेजचं कपाट आहे. कुलपाबद्दल कायदा काही बोलत नाही.

किल्ली क्लार्कबाबूंकडे असावी आणि क्लार्कबाबू पंचायत समितीत गेलेले असावेत. यात मी शाळेला दोष देत नाही. पुस्तक स्टॉक रजिस्टरला चढतं, पोट्ट्यानं पान फाडलं की ते निर्लेखित करताना कोणाकोणाच्या सह्या लागतात आणि भरपाई कोणाच्या पगारातून जाते, हे ज्या बाईंनी एकदा भोगलंय त्या पुन्हा कपाट उघडत नाहीत. पुस्तक फाटू न देण्याचा खात्रीचा उपाय एकच, आणि तो आपल्या शाळांना बरोब्बर सापडलेला आहे.

परिचय मात्र हवा. तो लेखकाला विचारून करू नका, त्यात मजा नाही. आदल्या रात्री मोबाइलवर नाव टाका आणि जे पहिलं येईल ते उतरवून घ्या. माझ्या नावाचे एक डॉक्टर आहेत. एका शाळेत ‘मूळव्याधीवर बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणारे थोर बालसाहित्यिक’ अशी माझी ओळख करून दिली गेली. दुसरीच्या मुलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर दोन पालक हळूच येऊन वेळ मागून गेले.

आता वेळापत्रक. पाहुणे बारा वाजता येणार असतील तर मुलांना साडेदहापासून मैदानात सतरंजीवर बसवा. नागपूरचा फेब्रुवारी संपत आलेला असतो, ऊन तापायला लागलेलं असतं, मंडपाची सावली मान्यवरांच्या खुर्च्यांपर्यंतच पुरते. मग दीपप्रज्वलन. वाऱ्यानं काडी विझते, शिपाईभाऊ हाताचा आडोसा करतात, फोटोवाले म्हणतात पुन्हा एकदा. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक, त्यात शाळेला किती साली मान्यता मिळाली इथपासून. मग शाळा समितीचे अध्यक्ष. यांना मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलायचं असतं आणि मधे दोनदा त्यांचा फोन वाजतो. त्यानंतर लेखक. त्याला ‘वेळेचं भान ठेवून’ सात मिनिटं द्यावीत आणि ही सात मिनिटं अशी साधावीत की स्वयंपाकघरातून खिचडीला फोडणी पडल्याचा वास त्याच वेळी यावा. चारशे मुलांच्या माना एकाच वेळी डावीकडे वळताना मी पाहिल्या आहेत. भल्याभल्या वक्त्यांना असं जमत नाही.

मानधनाचा विषय काढायचा नाही. मंडपवाल्याचं बिल असतं, साउंडवाल्याचं असतं, बुके देणारा तर आगाऊ घेतो. पण लेखकाला पैशाबद्दल विचारणं म्हणजे सरस्वतीचा अपमान. त्याला शाल आणि नारळ द्या. हल्ली पर्यावरण आल्यामुळे नारळाऐवजी रोप देतात. माझ्या बाल्कनीत एकोणीस क्रोटन आहेत. शालींचं मात्र असं की नागपुरात थंडी दीड महिना, त्यामुळे त्या टिकतात. मागच्याच वर्षी मला मिळालेली एक शाल घडीची पिन न काढता मी एका कवीला पांघरली, आणि ती फिरत फिरत यंदा माझ्याकडे परत आली. पिन तीच होती. वर ‘सर, तुमच्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती शाळेला सप्रेम भेट दिल्या असत्या तर’ असं म्हणून पाहावं. प्रती मिळाल्या की कपाट आहेच.

बोलावणं फारच खर्चिक वाटत असेल तर ऑनलाइन घ्या. टाळेबंदीच्या काळात हा शोध लागला आणि शाळा उघडल्या तरी तो जपून ठेवला गेला, कारण यात क्रोटनही वाचतो. पुण्याचा लेखक घ्या, मुंबईचा घ्या. तिकीट नाही, गाडी नाही. केंद्रातल्या सात शाळा एकाच लिंकवर जोडा. प्रत्येक शाळेनं हॉलमध्ये एक लॅपटॉप ठेवायचा आणि त्याचा कॅमेरा मुलांकडे सोडून कुठेही फिरवायचा. अशाच एका सत्रात मी चाळीस मिनिटं एका पंख्याला गोष्ट सांगितली. पंखा लक्ष देऊन ऐकत होता, मधूनमधून गती कमी करत होता. दुसऱ्या चौकटीत एका मॅडमचा कान आणि सावित्रीबाईंच्या फोटोची अर्धी चौकट. तिसरीत कूलर चालू होता, तेव्हा तिथून येणारा आवाज हशा होता की पाण्याचा, ते मला आजवर कळलेलं नाही.

मुलांना म्यूटवर ठेवा हे सांगायला नको. फक्त चॅटवर लक्ष असू द्या, तिथून काहीबाही आत शिरतं. ‘हाय सर’ चालेल. ‘सर पुन्हा सांगा ना तो माकडाचा आवाज’ हे चालणार नाही, ते लगेच पुसावं, नाहीतर लेखक खरंच पुन्हा काढतो. मी काढला. एका शाळेनं त्यावर तोंडी नाराजी कळवली. आणि शिक्षकांना एक गोष्ट चुकूनही कळू देऊ नका: बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, कुठल्याही मंगळवारी. हे पसरलं तर दीपप्रज्वलनाशिवाय वाचायची वाईट सवय लागेल.

सगळ्यात नाजूक भाग प्रश्नोत्तरांचा. टाळता आला तर उत्तम, पण ‘मुलांनी साधला संवाद’ असा फोटो अहवालाला लागतो. म्हणून प्रश्न आदल्या दिवशी पाच मुलांना लिहून द्यावेत आणि पाठ करून घ्यावेत. आपणास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली? आपले आवडते साहित्यिक कोण? विद्यार्थ्यांना आपण कोणता संदेश द्याल? हे तीन मला इतक्यांदा विचारले गेले आहेत की एकदा मुलगी मधेच अडखळली तेव्हा पुढचे शब्द मीच सांगितले. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात पाहुणा म्हणून कमावलेलं सगळं वसूल झालं.

आगाऊ पोरं तरीही असतात. त्यांच्यासाठी माइक बाईंच्या हातात ठेवायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत मी नाग नदीच्या काठच्या एका वस्तीतल्या शाळेत गेलो होतो. मी सांगितलेली गोष्ट माझीच, तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझ्या गोष्टीतला बैल बोजाऱ्याला कंटाळून पळून जातो, नाग नदीत पडतो, पार पुढे वाहत जातो आणि शेवटी आपल्या मालकाचा आवाज ओळखून चाकं फिरवत घरी येतो. गोष्ट गोड आहे. संपादकांनाही आवडली होती.

तिसरीतल्या एका पोरानं रांगेतून उठून हात वर केला. शर्टाची वरची बटणं नव्हती, तिथे सेफ्टी पिन. तो म्हणाला, ‘सर, नाग नदीतून बैल वापस कसा काय आला?’ बाईंनी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, ‘विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे की, सर, आपणास या कथेची प्रेरणा कोठून मिळाली?’

हे कौशल्य शिकण्यासारखं आहे. एका वाक्यात पोराची भाषा शुद्ध झाली, प्रश्न निर्जंतुक झाला आणि मला उत्तर पाठ होतं. मी माझ्या आजीबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. पोरगा माझ्याकडेच पाहत बसला होता.

इथवर सगळं नीट झालं. घोळ झाला तो नंतर. पाहुण्यांना ऑफिसात संत्रा बर्फी आणि चहा दिला, अभिप्राय वहीत चार ओळी लिहून घेतल्या (‘शाळेचे वातावरण अत्यंत प्रसन्न’, दुसरं काही लिहूच नका), आणि मग कोणाचंच लक्ष राहिलं नाही. ऑफिसपासून फाटकापर्यंत मी एकटा चालत निघालो. वाटेत नळ. बर्फीनं हात चिकट झालेले, म्हणून थांबलो. तिथे तो पोरगा ताट धुत होता.

‘तुमी सांगतलंच नाई,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘अरे, गोष्ट आहे ना ती. गोष्टीत येतो बैल परत.’

‘आमचा नाई आला.’ त्यानं ताट उलटं करून झटकलं. ‘पुरात गेला. आजोबानं केल्ता. दोन चाकं सापडले फक्त, गादीखाली.’

मला हिशेब लागायला वेळ लागला. २३ सप्टेंबर २०२३. रात्रीतून पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि झोपलेल्या घरांत नाग नदी शिरली. तान्हा पोळा होऊन आठवडाच झालेला. म्हणजे बैल अजून माळ्यावर गेलाही नसणार, तोरण-झूल घालून खालीच कुठेतरी उभा असणार. माझं पुस्तक त्याआधी चार वर्षांचं. त्यात नाग नदी निळी आहे. चित्रकारानं विचारलं होतं, कोणता रंग देऊ, आणि मीच सांगितलं होतं, निळा.

‘मग त्या चाकांचं काय केलंस?’ मी विचारलं.

‘हायेत.’ मग थोडं थांबून, ‘तुमच्या बैलाले किती चाकं हायेत?’

चार, मी म्हटलं. त्यानं मान हलवली, जणू तिथंच कुठंतरी माझं चुकलंय. तेवढ्यात फाटकाशी ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, आतून बाईंनी पोराला त्याच्या आडनावानं हाक मारली आणि तो ताट डोक्यावर धरून पळाला.

आठवड्यानं शाळेकडून टपालानं त्रेचाळीस पत्रं आली. ‘आपल्या आगमनाने आमच्या शाळेचे प्रांगण पावन झाले’ ही ओळ त्रेचाळिसांतही तिसऱ्या क्रमांकावर, ‘प्रांगण’ सगळीकडे बरोबर. हे उत्तम काम. फळ्यावर लिहून देणारं कोणी पक्कं होतं. मी सगळी पत्रं उलटून मागून पाहिली. मागे काही नव्हतं.

त्या गोष्टीची दुसरी आवृत्ती निघायची आहे आणि ती माझ्याकडून पुढे सरकत नाहीये. प्रकाशक विचारतात, अडलंय कुठे. नळावर, असं त्यांना कसं सांगणार? लेखकाचं असं नुकसान तुमच्या शाळेत व्हायला नको असेल, तर दीपप्रज्वलन, परिचय, शाल सगळं चोख करा आणि पाहुण्याला ऑफिसातून थेट गाडीत बसवा. बरोबर दोन शिक्षक द्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. हात धुवायला तांब्या ऑफिसातच न्या. आणि त्या दिवशी नळाला पाणीच नसेल असं पाहा. आपल्याकडे तेवढं जमवणं काही कठीण नाही.