कुंपणाच्या आतली क्रूसाची वाट

यंदाची शुभ शुक्रवारची (गुड फ्रायडेची) क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेची चौदा स्थाने आठवत चालायची प्रार्थना, गावातून न नेता देवळाच्या आवारातच करावी, असा विचार वसईतील आमच्या धर्मग्रामात चालू आहे. गेल्या वर्षी रस्त्यालगतच्या नव्या संकुलातून कोणीतरी ध्वनिक्षेपकाबद्दल तक्रार केली, पोलीस येऊन गेले, आणि तेव्हापासून ‘उगाच वाद कशाला’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. हे मला फोनवर सांगणारा माझा थोरला चुलतभाऊ विचारी माणूस आहे; तरीही त्याचे बोलणे ऐकल्यापासून माझे मन ठिकाणावर नाही.

कुंपणाच्या आतली प्रार्थना मला चांगली ठाऊक आहे. कुवेतमध्ये मी अठरा वर्षे तीच करतो आहे. शुक्रवारी सालमियाहून बस धरून सिटीतल्या कॅथेड्रलला जायचे, आधीची मल्याळम मिस्सा सुटेपर्यंत आवारात थांबायचे आणि मग कोकणी मिस्सा उभ्याने ऐकायची, कारण बसायला जागा उरत नाही. शुभ शुक्रवारी सुट्टीच असते. ईस्टरच्या रविवारी मात्र सकाळीच कामावर हजर व्हावे लागते. क्रूसाची चौदा स्थाने आम्ही भिंतीच्या आतच फिरतो आणि फाटकाबाहेर पडताना हातातील जपमाळ खिशात ठेवतो. याविषयी माझी काही तक्रार नाही. मी इकाम्यावर, म्हणजे तिथल्या निवास परवान्यावर, राहणारा माणूस आहे. यजमानाने जेवढी जागा दिली तेवढ्यात गुडघे टेकणे पाहुण्याला शोभते. पण दादा, तू तिथे पाहुणा नाहीस. धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा आणि आचरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २५ ने तुला दिला आहे. ध्वनिक्षेपक हवा तर बंद ठेवा, आमचे आजोबा त्याच्याविनाच चालत होते. पण वाट सोडू नका.

त्या वाटेवरचे सगळे मला अजून दिसते. बावखलाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या, काठचा चुना लावलेला क्रूस, केळीच्या वाड्यांमधून अनवाणी चालणाऱ्या तांबड्या लुगड्यांतील म्हाताऱ्या, आणि प्रत्येक स्थानाशी आपापल्या अंगणात मेणबत्ती लावून उभी राहिलेली माणसे. आमच्या शेजारचे हिंदू कुटुंब दर वर्षी चालणाऱ्यांसाठी पाण्याचा हंडा भरून ठेवी. आवारातल्या क्रूसाच्या वाटेला हा हंडा कोण आणून देणार?

ज्या वसईत गोन्सालो गार्सिया जन्मले, तिथे ही भीती मला अधिक खुपते. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रूसावर मारले आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. त्यांचा सण आपण थाटाने करतो. एवढ्या मोठ्या मरणाची अपेक्षा आज कोणी कोणाकडून करीत नाही. आताचे सोसणे लहान असते, तक्रारीचे, टोमण्यांचे, ओळखीच्या माणसाने तोंड फिरवण्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. मराठीत भक्तिगीते लिहिणारा तो कवी आपल्याच माणसांत परका झाला. आपल्या वसईचे फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. तरी ते गेले, आणि मराठीतच बोलले.

दादाचे म्हणणे मी टाकून देत नाही. ‘तू रागावून फोन ठेवशील, पोलीस ठाण्यात मला जावे लागेल,’ असे तो म्हणाला, आणि यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पोरांच्या नोकऱ्या, लांबत जाणारे खटले, बदलत गेलेली वस्ती हे सगळे त्याच्या दारात आहे, माझ्या नाही.

शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलतो आहे, हेही लिहिले पाहिजे. कुवेतला येण्याआधी दोन वर्षे मी मुंबईच्या एका उपनगरात भाड्याने राहत होतो. ख्रिस्ती माणसाला खोली मिळणार नाही, असे दलालाने सूचित केले, तेव्हा मी आडनाव पुटपुटत सांगितले आणि आईने दिलेला क्रूस कपाटात कपड्यांखाली ठेवला. तिथे कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, नव्हता, परक्या देशाचा कायदा नव्हता. तो माझाच देश होता आणि ते कुंपण मी स्वतः घातले होते. मिस्सेनंतर कॅथेड्रलच्या फाटकाशी जपमाळ खिशात टाकताना हात अडखळत नाही, कारण त्याला ही सवय मुंबईतच लागली आहे.

वडील होते तोवर पहिल्या स्थानापासून सातव्यापर्यंत मोठा क्रूस त्यांच्या खांद्यावर असे. परवा आईने विचारले, वाट गावातून निघालीच तर यंदा तो कोण उचलणार? गुरुवारी रात्रीच्या विमानाने निघालो तर शुक्रवारी सकाळी मी वसईत असेन, आणि रविवारी कामावर परत येता येईल. त्यासाठी रजासुद्धा लागत नाही. तरी मी आईला म्हणालो, ‘बघतो.’