तीन दहाची गाडी लेट आहे

येत्या मंगळवारी, म्हणजे ८ जानेवारी २००८ रोजी, ‘थ्री टेन टू युमा’ या चित्रपटाची डीव्हीडी इकडे अमेरिकेत बाजारात येत आहे. मी सप्टेंबरपासून तिची वाट पाहत होतो. होतो असे म्हणण्याचे कारण असे की, काल न्यू जर्सीतील एडिसनच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, संक्रांतीसाठी तीळगूळ घ्यायला गेलो असता रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी या प्रतीक्षेतला सगळा अर्थच काढून घेतला.

चित्रपट ७ सप्टेंबरला थिएटरात लागला तेव्हा आमच्या घरी तान्हे बाळ होते, आणि तान्हे बाळ घेऊन गोळीबाराच्या चित्रपटाला जाणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. म्हणून मी डीव्हीडीवर भिस्त ठेवली. दिग्दर्शक डेल्मर डेव्ह्ज यांचा १९५७ सालचा मूळ कृष्णधवल चित्रपट मला जवळजवळ पाठ आहे. दुष्काळाने मेटाकुटीला आलेला व्हॅन हेफ्लिन दोनशे डॉलरसाठी ग्लेन फोर्डने रंगवलेल्या बेरक्या दरोडेखोराला युमाच्या तुरुंगाकडे जाणाऱ्या तीन दहाच्या गाडीत बसवून देण्याचे काम अंगावर घेतो, आणि शेवटी दोघेही गाडीत असताना पाऊस कोसळतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचा शेवट सांगितल्याबद्दल कोणी मला दोष देणार नाही अशी आशा आहे. आता जेम्स मॅन्गोल्ड यांनी रसेल क्रो आणि क्रिश्चन बेल यांना घेऊन तो नव्याने केला आहे. जुना चित्रपट ९२ मिनिटांचा होता, नवा १२२ मिनिटांचा आहे. या वाढीव अर्ध्या तासात काय घातले असेल, एवढेच कुतूहल मी चार महिने जपले होते. त्यासाठी मी वर्तमानपत्रांतील परीक्षणे वाचली नाहीत, आणि ऑफिसात जेवताना कोणी या चित्रपटाचे नाव काढले की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

दुकानात मी फोनवर बायकोला फक्त एवढेच म्हणालो की, मंगळवारी ऑफिसातून परत येताना ‘युमा’ घेऊन येईन.

“मराठी का?” मागून आवाज आला. कानटोपी, मफलर, त्यावर जावयाचे किंवा मुलाचे असावे असे ढगळ जाकीट आणि हातात दुधी भोपळा. गृहस्थ मूळचे भुसावळचे, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले होते. ही सगळी माहिती मला मी तोंड उघडण्यापूर्वीच मिळाली.

“युमा म्हणालात ना? मी पाहिला. मुलाने सीनियर सिटिझनच्या तिकिटात नेऊन बसवलं. अहो, काय तो कारभार! गाडी लेट!”

“काका, मी अजून पाहिलेला नाही,” मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

“तेच सांगतोय! सिनेमाच्या नावात गाडीची वेळ आहे की नाही? तीन दहा. आणि तीन दहाला गाडी नाही! तो बिचारा जीव मुठीत धरून कैद्याला घेऊन स्टेशनात येतो आणि क्लार्कला विचारतो, गाडी कुठे आहे? तर क्लार्क म्हणतो, लेट असेल. किती लेट? तर म्हणे, येईल तेव्हा येईल! हे काय उत्तर झालं? मागच्या स्टेशनला तार करून विचार ना! आमच्या सेक्शनमध्ये असं उत्तर दिलं असतं तर चार्जशीट मिळाली असती.”

मी रांगेतून निघून मसाल्यांच्या कपाटाकडे सरकलो. काकाही दुधीसह सरकले. वाढीव अर्ध्या तासात रात्री अपाची या तिथल्या मूळ रहिवाशांचा हल्ला आहे आणि रेल्वेच्या कामावरील चिनी मजुरांची वस्ती आहे, हे मला हळदीच्या पुड्यांसमोर समजले. त्या वस्तीतील कामाच्या दर्जाबद्दल काकांचे मत प्रतिकूल होते. कोणाला जेवणाच्या काट्याने मारले आणि कोणाला दरीत ढकलले, हे मला हिंगाच्या डबीपाशी कळले. वाचकांच्या हिताचा विचार करून मी येथे नावे देत नाही. काकांनी मात्र ती दिली, आणि दरीत पडलेला नट हेन्री फोंडाचा मुलगा आहे हेही वर सांगितले.

“आणि दोनशे डॉलर!” ते पुढे म्हणाले. “सत्तावन्न साली मी मुंबईत पाहिला, मेट्रोला की न्यू एम्पायरला, तेव्हा दोनशेच होते. आजही दोनशेच! पन्नास वर्षांत महागाई भत्ता नाही?”

गोष्ट तेव्हाही एकोणिसाव्या शतकातली होती आणि आताही आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ते विनातिकीट प्रवाशाकडे पाहत असावेत.

मग त्यांनी शेवट सांगितला. मी “काका, नको” असे स्पष्ट शब्दांत म्हटल्यावरही सांगितला, कोण कुठे उभा होता हे दुधीने दाखवत सांगितला. जुना चित्रपट पाठ असल्यामुळे शेवट तरी आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीने मी त्या बाबतीत निर्धास्त होतो. तो बदलला आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि हे कळण्याचा क्षण माझ्या घरी, माझ्या कोचावर, बाळ झोपल्यानंतर यायला हवा होता. यातला विनोद मलाही दिसतो, पण माझा राग अजून गेलेला नाही. तिकीट काढून चित्रपट पाहिलेल्या माणसाला तो न पाहिलेल्यांवर असा कोणता हक्क मिळतो? आपल्याकडे ही जुनीच खोड आहे. नाटकाच्या मध्यंतरात बटाटावडा खाताना तिसरा अंक ऐकवणारी माणसे मी लहानपणापासून सोसत आलो आहे, आणि त्यांना थांबवू पाहणाराच शिष्ट ठरतो.

सूड म्हणून मी काकांना डीव्हीडीविषयी माहिती दिली, कारण ती विकत घेऊन भुसावळला नेण्याचा त्यांचा बेत होता. कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडले आहेत, अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या, त्यामुळे येथली तबकडी तिथल्या साध्या यंत्रावर चालणार नाही, हे मी सविस्तर समजावले. त्यातून वॉर्नर कंपनीने कालपरवाच ब्लू-रे या नव्या तबकडीचा पक्ष घेतल्यामुळे तिची प्रतिस्पर्धी असलेल्या एचडी डीव्हीडीचे भवितव्य धोक्यात आले आहे, तेव्हा आज घेतलेले यंत्र उद्या अडगळीत जाईल आणि हाच चित्रपट ‘विशेष आवृत्ती’ म्हणून पुन्हा आपल्याच गळ्यात मारला जाईल, हेही सुनावले. बोलता बोलता मी स्वतःच खिन्न झालो. काका मात्र खुलले.

“म्हणजे ब्रॉडगेजचा डबा नॅरोगेजवर! कळलं. मग मी नाहीच घेत. तुमच्याकडेच पाहू.”

फोन अजून चालूच होता आणि बायको सगळे ऐकत होती. पोरक्या वाटणाऱ्या प्रत्येक मराठी ज्येष्ठाला जेवायला बोलावण्याचे व्रत तिने इकडे आल्यापासून घेतलेले आहे. मंगळवारी सायंकाळी सव्वासात ही वेळ त्या दोघांनी माझ्या हातातल्या फोनवर परस्पर ठरवली. स्टेशनातला तो प्रसंग आला की चित्र थांबवायचे, म्हणजे क्लार्कने नेमके काय करायला हवे होते ते नीट समजावून सांगता येईल, एवढी एकच सूचना काकांनी जाताना मला केली आहे.